जळगावचा बिनबोर्डाचा गिटार क्लास: सोलो आधी गाऊन घेणारे सर

सुरुवातीलाच सांगून टाकतो, ज्यांना गिटारवर सुसाट पळायचंय, सेकंदाला दहा नोट काढायच्यात, त्यांनी या क्लासला जाऊ नये, फी वाया जाईल आणि सरांचं डोकंही फिरेल. पण ज्यांना स्केल (सुरांच्या ठरलेल्या सरगमी) येतात, बोटं फिरतात, बॅकिंग ट्रॅकवर म्हणजे मागे वाजणाऱ्या तयार साथीवर पाच मिनिटं वाजवता येतं आणि तरी ऐकणाऱ्याला त्यातलं काहीएक लक्षात राहत नाही, त्यांच्यासाठी अख्ख्या खान्देशात याहून बरी जागा मला तरी माहीत नाही. मी भुसावळहून येऊन-जाऊन करतो, पंचवीसेक किलोमीटर, रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटं नाहीतर बसने धक्के खात, तरी परवडतं असं माझं मत.

क्लासला बोर्ड नाही. रिंग रोडवरून आत वळल्यावर एका बंगल्याचा वरचा मजला, खाली सरांचं घर, जिन्यात चपलांचा ढीग दिसला की समजायचं हेच. इन्स्टा नाही, गूगल मॅपवर नाही, सरांनी नाव टाकू नको म्हणून बजावलंय कारण आहेत त्या बॅचच फुल्ल आहेत, म्हणून नाव लिहीत नाही, गावातल्या कुठल्याही वाद्यांच्या दुकानात विचारा, सांगतील. फी महिन्याला बाराशे, आठवड्यातून दोन दिवस, एका बॅचला सहा-सात जण. सर मूळचे अमळनेरकडचे, घरात लग्नातल्या बँडचा धंदा, लहानपणी स्वतः क्लॅरोनेट वाजवलेलं, मग ऑर्केस्ट्रात गिटार धरली. ही क्लॅरोनेटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण त्यांचं सगळं शिकवणं तिथूनच येतं.

आता प्रॉब्लेम काय असतो ते बघू. आपल्याकडे सोलो, म्हणजे गाण्यात गिटारने एकट्याने वाजवायचा तुकडा, शिकायचा म्हटलं की पोरगं यूट्यूब उघडतं आणि ए मायनर पेंटाटॉनिक या स्केलचा पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरची आडवी पट्टी) बॉक्स, म्हणजे बोटं ठेवायचा ठरलेला चौकोन, पाठ करतं. ए, सी, डी, ई, जी, पाच सूर, प्रत्येक तारेवर दोन बोटं, सोपंय, आणि चुकीचं काही लागतही नाही. पण तीच तर गोम आहे, काही चुकीचं लागत नाही म्हणून माणूस वर-खाली वर-खाली फिरत राहतो, खालून कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) कुठली चाललीय याचा पत्ताच नाही, एफ आला काय नि जी आला काय. ऐकणाऱ्याला वाटतं रियाझ चाललाय, गाणं अजून सुरू व्हायचंय.

सर पहिल्याच दिवशी बॉक्स बंद करायला लावतात. एकच तार, खालून दुसरी म्हणजे बी ची, बाकीच्या पाच तारांना हात लावायचा नाही, आणि त्या एका तारेवर तुम्हाला पूर्ण पाठ असलेल्या कुठल्याही गाण्याचा मुखडा काढायचा. आरती चालेल, कानबाई देवीचं गाणं चालेल, सिनेमातलं चालेल, नोटेशन बघायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं ना, करून बघा. एका तारेवर आलात की बोटांची सवय काहीच कामाची राहत नाही, पुढचा सूर वर आहे का खाली, जवळ आहे का लांब, हे कानालाच ठरवावं लागतं, आणि लांबच्या सुराला जायचं तर घसरत जावं लागतं म्हणून स्लाइड आपोआप येते, जिला आपल्याकडे मींड म्हणतात. आमच्या बॅचमधे इंजिनिअरिंगचा एक पोरगा आहे, बोटं अशी पळतात की विचारू नका, त्याला एका साध्या आरतीची पहिली ओळ नीट बसवायला दोन क्लास लागले, आणि एक सातवीतली मुलगी शाळेच्या गायनात असते, तिने पंधरा मिनिटांत काढली.

मग येतं गाणं. म्हणजे खरंच तोंडाने गायचं. सरांचा नियम एकच, "पहिले म्हन, मंग वाजाड." जे तोंडातून निघालं नाही ते गिटारवर वाजवायचं नाही. सुरुवातीला सगळे लाजतात, मीही पुटपुटतच होतो, बेसूर असलं तरी चालतं फक्त ओळ पक्की पाहिजे. बॅकिंग ट्रॅक लावायचा, गिटार मांडीवर उपडी ठेवायची आणि दोन ओळी गुणगुणायच्या, मग त्याच दोन ओळी शोधून काढायच्या. याचा फायदा असा की तोंडाने गाताना कोणी सोळा नोटांची माळ गात नाही, पाच-सहा सुरांची ओळ होते, शेवटचा सूर जरा लांबतो, आणि मग माणूस थांबतो.

थांबतो का, तर श्वास संपतो म्हणून. इथे सरांची क्लॅरोनेट येते. लग्नाच्या वरातीत बँडवाल्याला ट्रॅफिकमधून चालत चालत गाणं वाजवायचं असतं, शब्द नाहीत, फक्त चाल, आणि तरी नाचणाऱ्या पब्लिकला पहिल्या ओळीत गाणं कळलं पाहिजे. तो जिथे गायक श्वास घेईल तिथेच श्वास घेतो, नाहीतर मरेल. गिटारवाल्याला फुफ्फुसाची गरजच नाही, तो जेवण होईपर्यंत वाजवू शकतो, आणि वाजवतोही. म्हणून सर काय करायला लावतात, ओळ सुरू करताना तोंडाने हळू श्वास सोडायला सुरुवात करायची, श्वास संपला की बोटं उचलायची, आत घेताना काहीही वाजवायचं नाही. कोणी मधेच घुसला की ओरडतात, "इतली घाई कसाले करस भो, गाडी चुकी जाई राहिनी का?" माझ्या मते अख्ख्या कोर्समधे सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडतो आणि याला थिअरी शून्य लागते. अजून एक छोटी युक्ती, मात्रा एकवर ओळ सुरू करायची नाही, पहिली मात्रा रिकामी सोडायची आणि दुसरीवर किंवा त्याच्या अर्ध्यावर शिरायचं. तेवढ्यानेच वाजवणं बोलल्यासारखं वाटायला लागतं.

यानंतर कॉर्डचं प्रकरण, आणि इथे सरांचं खरं कसब दिसतं म्हणून जरा सविस्तर लिहितो, गिटार जवळ असेल तर हातात घ्या. चार कॉर्ड घ्यायच्या, ए मायनर, एफ, सी, जी, प्रत्येकी एक आवर्तन म्हणजे चार मात्रा, हळू लय, मिनिटाला सत्तर मात्रांच्या आसपास. प्रत्येक कॉर्डमधला तिसरा सूर, म्हणजे कॉर्डच्या नावाच्या सुरापासून मोजत गेलं की तिसरा, शोधायचा, कारण कॉर्डचा चेहरा तिथे असतो, मायनर का मेजर ते तोच सांगतो. ए मायनरचा तिसरा सी, एफचा ए, सी कॉर्डचा ई, आणि जी चा बी. आता हे चार सूर त्याच ओळखीच्या बॉक्सच्या आसपास बघा. सी मिळतो जी च्या तारेवर पाचव्या फ्रेटला, ए मिळतो डी च्या तारेवर सातव्याला, ई मिळतो बी च्या तारेवर पाचव्याला, तिन्ही बॉक्सच्या आतच. आणि बी? तो ए मायनर पेंटाटॉनिकमधे नाहीच! तो आहे जी च्या तारेवर चौथ्या फ्रेटला, बॉक्सच्या भिंतीला लागून, एक फ्रेट बाहेर.

म्हणजे इतकी वर्षं जी कॉर्ड येत होती आणि तिच्यातला सगळ्यात गोड सूर बॉक्समधे नव्हता. सर हे सांगत नाहीत हं, ते करवून घेतात. आधी प्रत्येक कॉर्डवर एकच सूर, कॉर्ड बदलेल त्या क्षणी बदलायचा, सी, ए, ई, बी, चार मात्रा धरून ठेवायचा, बास. असं आठवडाभर. कंटाळा येतो, खोटं नाही सांगत. मग दोन सूर, आधीच्या मात्रेवर शेजारचा सूर घेऊन मुक्कामाच्या सुरावर उतरायचं. एफमधेही सी असतोच, त्यामुळे एफवर आणि पुढच्या सी कॉर्डवरही सी धरून ठेवायचा आणि जी आला की फक्त अर्धा सूर खाली, पाचव्या फ्रेटवरून चौथ्यावर सरकायचं. एवढीशी हालचाल आहे पण ऐकायला असं वाटतं की सोलो आणि कॉर्ड एकमेकांशी बोलतायत. क्लासमधे ज्या दिवशी ज्याचं हे जमतं त्या दिवशी बाकीचे वळून बघतात.

ज्यांचं थोडंफार शास्त्रीय झालंय त्यांच्यासाठी सर दुसऱ्या भाषेत सांगतात. ए ला सा धरलं तर हा पेंटाटॉनिक म्हणजे सा ग म प नी, ग आणि नी कोमल, म्हणजे धनी रागाचे सूर. तेच पाच सूर सी ला सा धरून वाजवले की सा रे ग प ध, भूप राग. सूर तेच, घर बदललं की रंग बदलतो. म्हणून गाणं सी कडे झुकत असेल तर सी वर मुक्काम करायचा, ए कडे झुकत असेल तर ए वर. आणि जी कॉर्डवरचा तो बी म्हणजे ए च्या हिशोबाने शुद्ध रे. हे ऐकून आमच्यातल्या एका हार्मोनियमवाल्या काकांना सगळा सोलो दोन मिनिटांत कळला जो मला टॅब (तार नि फ्रेटच्या आकड्यांची लिपी) वाचून कळत नव्हता. घरी सरावाला सर तानपुरा ॲप लावायला सांगतात, ए वर, आणि अर्धा तास फक्त त्याच्यावर हळूहळू वाजवायचं, बॅकिंग ट्रॅक नंतर.

बेंडिंगबद्दल, म्हणजे तार ओढून सूर चढवण्याबद्दल, सर भयंकर कडक आहेत. जी च्या तारेवर सातव्या फ्रेटवरून पूर्ण सुराचा बेंड म्हणजे डी वरून ई ला जायचं. आधी नववा फ्रेट दाबून ई वाजवायचा, कानात बसवायचा, मग सातव्यावरून तार चढवायची आणि तोच सूर लागला का बघायचं. बहुतेकांचा बेंड अर्ध्या रस्त्यात थांबतो, आणि सगळी मेहनत त्या एका अर्धवट सुराने पाण्यात जाते, स्पीड कितीही असो. एकट्या बोटाने ताकद पुरत नाही, अनामिकेच्या मागे मधलं बोट नि पहिलं बोटही लावायचं, आणि मनगट फिरवायचं. व्हायब्रेटो, म्हणजे सूर हलवणं, तर बेंड सुरात आल्याशिवाय शिकवतच नाहीत, आणि तो सूर लागल्या लागल्या नाही, जरा सरळ ठेवून मग हलवायचा, गायक लांबवलेल्या सुरावर करतो तसा. नवीन लोकांना नऊ नंबरच्या पातळ तारा लावायला सांगतात म्हणजे बोटं सोलत नाहीत, दहाच्या नंतर बघू म्हणतात. अकौस्टिकवाल्यांचे हाल होतात इथे, जाड तारांवर पूर्ण बेंड म्हणजे शिक्षा, त्यांना स्लाइडवर भागवून घ्यावं लागतं.

मग ओळीला ओळ जोडणं. एक ओळ वाजवली की दुसरी नवीन नाही आणायची, तीच परत, फक्त शेवट बदलून, सवाल-जवाबासारखं. तिसऱ्यांदा तीच ओळ पण लय बदलून, किंवा वरच्या सुरांवरून. आणि मग चौथ्या वेळी काय पाहिजे ते करा, जी काय फास्ट लिक (छोटा तयार तुकडा) शिकून आलात ती तिथे ओता. फास्ट गोष्टीवर सरांचं म्हणणं एकदम खान्देशी आहे, शेवभाजीत शेव आधीच टाकून ठेवली की लगदा होतो, रस्सा उकळून तयार झाला की ताटात वाढतानाच टाकायची तेव्हा ती कुरकुरीत लागते. मला ते पटतं कारण ज्यांचे सोलो लोक तोंडाने गुणगुणतात त्या सगळ्यांकडे हीच शिस्त दिसते. डेव्हिड गिल्मोर घ्या, एकेक बेंड किती सावकाश, किती जागा सोडून. मार्क नॉफलर तर पिक न वापरता बोटांनी छेडतो, त्यामुळे प्रत्येक सुराचा जोर वेगळा. बी. बी. किंग एक सूर धरून नुसता हलवायचा आणि त्यात सगळं सांगून जायचा. कार्लोस सँटाना, ज्याचा सूर संपतच नाही असं वाटतं, त्याचे वडील मेक्सिकोत मारियाची बँडमधले व्हायोलिनवादक होते आणि तो स्वतः आधी व्हायोलिनच शिकला. हे कळल्यावर सर इतके खूश झाले होते की विचारू नका, "म्हणजे तो पण बँडवाल्याचाच पोरगा!" म्हणून अर्धा तास तेच.

पण सरांच्या ऐकवण्याच्या यादीत वरचा नंबर आपल्याच लोकांचा. व्हॅन शिप्ली, सिनेमाची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवून ज्यांच्या रेकॉर्ड निघाल्या, सुनील गांगुली यांची हवाईयन गिटार, आणि शास्त्रीयमधे ब्रिजभूषण काबरा, जे उस्ताद अली अकबर खाँचे शिष्य. आमच्या पिढीने हे सगळं रेडिओवर लागणारं जुनाट म्हणून सोडून दिलं. पण ऐकून बघा, मांडीवर आडवी गिटार, तारेवरून सरकणारा लोखंडी बार, आणि गाण्याचा शब्द न् शब्द ऐकू येतो. मेलोडिक सोलोचे धडे घ्यायला अमेरिकेत कशाला जायचं असं सर म्हणतात, त्यातला अर्धा भाग मला पटतो. अर्धा नाही, कारण हार्मनीवर सूर टाकायचं जे काम आहे, ते कॉर्ड बदलणं वगैरे, ते त्या मंडळींना फार करावंच लागत नव्हतं, चाल आधीच ठरलेली असायची, आपल्याला ती जागेवर बनवायची असते.

आता तक्रारी, आणि त्या आहेत. पहिली, लिहून काही देत नाहीत. ना नोट्स ना टॅब, फोनवर रेकॉर्ड करू देतात तेवढाच आधार, एक क्लास बुडला की बुडलाच. दुसरी, लग्नसराईत सर प्रोग्रामला जातात आणि क्लास कधी होईल कधी नाही, मेसेज तासभर आधी येतो, भुसावळहून निघालेला माणूस काय करेल? श्रावणात कानबाईच्या रविवारी सुट्टी, ती मात्र रास्त आहे, त्या दिवशी आमच्याही घरी रोटांचा नैवेद्य असतो. तिसरी, सात जणांत एकच ॲम्प, एक वाजवतो बाकीचे ऐकतात, ऐकूनही शिकता येतं हे खरं पण बाराशे रुपये फक्त ऐकायचे नाहीत.

चौथी तक्रार जरा खोलवरची. प्रत्येक कॉर्डच्या तिसऱ्या सुरावर उतरायचं हे इतकं घोटून घेतात की सगळ्यांचे सोलो एकसारखे गोडगोड व्हायला लागलेत, एक ऐकला की दुसरा माहीत. कधीकधी न उतरण्यात मजा असते. तो बी च घ्या, जी वर तो घरचा आहे, पण एफवर धरून ठेवला तर अधांतरी लटकतो, आणि तीच गंमत. सरांना हे येतं, स्वतः वाजवताना करतात, पण शिकवत नाहीत, आधी गोड वाजवा म्हणतात. तसंच पिकिंगचा हात, वर-खाली स्ट्रोक, मेट्रोनोम लावून हळूहळू लय वाढवणं, हे जवळपास नाहीच. आणि ज्यांना लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या ग्रेड परीक्षा द्यायच्यात त्यांचंही इथे काम नाही, सर्टिफिकेट मिळत नाही, मिळतो तो टोमणा.

खोलीबद्दल पण सांगतो. वरचा मजला, पत्र्याची शेड शेजारी, एप्रिल-मे मधे जळगावचं ऊन पंचेचाळीसच्या पुढे जातं तेव्हा चारची बॅच घेणं म्हणजे स्वतःला भट्टीत घालणं, सकाळची सातची घ्या. कूलर आहे पण त्याच्या आवाजात हळू वाजवलेलं ऐकू येत नाही म्हणून सर तो बंद करतात. गिटारलाही त्रास होतो, कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला टोचायला लागतात, ट्यूनिंग दर गाण्याला उतरतं, त्यामुळे ट्यूनर खिशात पाहिजेच आणि गिटार बंद गाडीत ठेवून भाजी घ्यायला जायचं नाही, ब्रिजचा गोंद सुटतो.

एकंदर पाचपैकी चार देतो, एक कापला तो वेळेच्या गोंधळासाठी. कॉर्ड बदलता येतात आणि एक तरी स्केल हातात बसलीय एवढं झाल्यावरच जा, अगदी नवशिक्याला पहिला महिना काहीच कळणार नाही. नवीन बॅच तुळशीच्या लग्नाआधी सुरू होते, तेव्हाच लागा, कारण एकदा मुहूर्त सुरू झाले की सर हातात सापडत नाहीत. पहिला क्लास फुकट बसू देतात, त्यात एक गाणं म्हणून दाखवायला लावतात, तयारीने जा. आणि स्वतःची केबल न्या, तिथली करकर करते.